पापडखार तीन तोळे

मे महिन्यात मी शाल पांघरून कामाला बसायचे.

आकाशवाणीच्या स्टुडिओत उन्हाळा नसतो. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथली हवा बारा महिने गार ठेवलेली असते आणि माणसांनी त्याच गारव्यात बसून बोलायचं असतं. खानदेशातल्या एका केंद्रावर १९९० साली मी नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या ज्येष्ठ बाईंनी बजावलं, "उन्हाळ्यात शाल आणायला विसरू नकोस." मला वाटलं, नव्या पोरीची थट्टा चाललीय. मग एप्रिलातल्या एका दुपारी सायकल हाणत केंद्रावर आले. डोक्याला बांधलेला ओला रुमाल वाटेतच वाळून पापडासारखा कडक झालेला. दोन जड दरवाजे ढकलून आत शिरले आणि पाचच मिनिटांत दात वाजायला लागले. घाम अंगावरच गार होतो, सर्दी हटकून होते. तेव्हापासून होळी झाली की माझ्या पिशवीत शाल यायची. बाहेर पारा ४५ला टेकलेला असताना मी शालीत गुरफटून, लाल दिवा लागला की, उन्हाळा कसा सुसह्य करावा हे ऐकणाऱ्यांना सांगायचे. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

नैमित्तिक म्हणजे महिन्याला सहा ड्युट्या. त्या वाट्याला याव्यात म्हणून पडेल ते काम मी अंगावर घ्यायचे. दुपारी बाराच्या पुढे महिलांचा कार्यक्रम असायचा. १९९१च्या उन्हाळ्यात आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी त्यात एक आवाहन करायला लावलं: उन्हाळ्यात तुमच्या घरी काय चांगलं असतं ते आम्हाला कळवा. खाण्यातलं, घरातलं, झाडाझुडपांतलं, गाण्यातलं, काहीही. तक्रारी नकोत, त्या सगळ्यांना माहीत आहेत. पत्रं निवडायची आणि वाचायची, हे काम माझ्याकडे आलं.

पत्रांचा ओघ लागला. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना मिळायचं. आम्हा उद्घोषकांची पोस्टकार्डावर विशेष माया, कारण कार्ड जाड असतं आणि मायक्रोफोनसमोर वाजत नाही. आंतर्देशीय पत्र म्हणजे वैताग. घडी उलगडली की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई स्टुडिओत चिवडा खातेय. म्हणून आंतर्देशीय आलं की मी ते जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवून टाकायचे.

सुरुवातीला मी निवडायचे ती पत्रं आज आठवली की हसू येतं. 'ग्रीष्म ऋतू आपले रौद्र रूप धारण करतो' अशी सुरुवात असली की मी खूश. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचा परिणाम. अधिकाऱ्यांनी तसली चार पत्रं ऐकून घेतली आणि पाचव्या दिवशी गठ्ठ्यातलं एक मळकं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे वाच उद्या."

कार्डात माठाबद्दल लिहिलं होतं. नवा माठ आणला की आतून हात लावू नका, साबण तर नाहीच. दोन दिवस पाणी भरा आणि झाडाला ओता, तिसऱ्या दिवसापासून प्या. मातीचा वास पहिले आठ दिवस टिकतो, तेवढ्यात पाहुणे बोलवायचे ते बोलवून घ्या. माठ तिवईवर ठेवला तर पाझर वाया जातो. पसरट परातीत वाळू घालून तिच्यावर ठेवा आणि त्या वाळूत मूठभर मेथी टाका. बारा दिवसांत बोटभर मेथी येते. कांद्याबरोबर कच्ची खा. खाली सही, गाव रावेर तालुक्यातलं.

मी ते वाचलं आणि नंतरच्या आठवडाभरात माठाखाली मेथी पेरल्याची पत्रं यायला लागली. कुणाची उगवली, कुणाची मांजरानं उकरली. मुंबईला राहून आलेल्या एका बाईंनी लिहिलं की तिकडे समुद्रकाठच्या वाळूत अशीच बारीक मेथी काढतात, तिला समुद्रमेथी म्हणतात, जुड्या बांधून विकतात; इथे तीच परातीत पाहून बरं वाटलं. रौद्र रूपाच्या चार पत्रांना मिळून एकही उत्तर आलं नव्हतं.

मग पापडाचं पत्र आलं.

ते पत्र आजीनं सांगितलेलं आणि नातीनं लिहिलेलं. आजी तोळ्यांत बोलणारी, नात इंग्रजी आकडे काढणारी. एका ओळीत जिन्नस, मग उभा दंड, मग आकडा, अशी नीट मांडणी. उडदाच्या डाळीचं पीठ एक किलो. मीठ पाच तोळे. पुढच्या ओळीत 'पापडखार' हा लांब शब्द आल्यामुळे जागा कमी पडली आणि दंड पुढच्या तिनाला जाऊन चिकटला. इंग्रजी एक म्हणजे तरी काय, उभा दंडच. मी वाचलं: पापडखार तेरा तोळे.

तीन तोळे म्हणजे ३५ ग्रॅम. तेरा तोळे म्हणजे दीडशे.

जिला पापडाची सवय आहे तिनं ऐकलं आणि हसून सोडून दिलं असेल. पण रेडिओवर सांगितलं म्हणजे खरं, असं मानणाऱ्याही खूप होत्या. चार दिवसांनी पत्रं सुरू झाली. पापड तळला की लालभडक होतो. जीभ सोलवटते. साबण खाल्ल्यासारखं लागतं. एका बाईंनी तर पत्राच्या भानगडीत न पडता थेट एस.टी. पकडली. दुपारी एकच्या सुमाराला केंद्राच्या फाटकाशी स्टीलचा डबा घेऊन उभ्या. नऊवारी, पदर डोक्यावर, पायात पुरुषी चपला. ड्युटी रूममध्ये त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी बाजूला ठेवलं, डब्यातून तळलेला पापड काढला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"खा."

मी तुकडा तोडला. दोन घास गिळेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. तीन किलोचे केले होते, लेक आखाजीच्या सणाला येणार म्हणून.

"तुम्ही कधी लाटलेत का पापड?"

"नाही."

"मग?"

तेवढंच म्हणाल्या. त्यांच्या त्या 'मग?'ला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मला मेमो मिळाला असता तर इतकं लागलं नसतं. मी बावीस वर्षांची, घरी पापड आई आणि काकू लाटायच्या, माझं काम गच्चीवर बसून कावळे हाकलायचं. एवढ्या अनुभवावर मी रोज दुपारी बायकांना वाळवणं शिकवत होते.

पुढचे सात दिवस कार्यक्रमाच्या सुरुवातीला चुकीची दुरुस्ती वाचली. आणि त्या दिवसापासून कुठलंही माप दोनदा वाचायचं, तोळ्यात असेल तर ग्रॅममध्येही सांगायचं, असं ठरलं. पण खरा बदल वेगळाच झाला. आमच्याकडे साफसफाईला एक मावशी होत्या. दुपारी बारा ते एक त्या नेमानं स्टुडिओच्या बाहेरच्या दरवाजाला पाठ टेकून जमिनीवर बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, कार्यक्रमाची आवड आहे. पापडाच्या प्रकरणानंतर मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही ऐकत होतात ना? तेरा तोळे म्हटलं तेव्हा काही वाटलं नाही?"

"बाहेर कुठं ऐकू येतं? मी वाऱ्याला बसते."

दरवाजाखाली बोटभर फट होती आणि तिच्यातून स्टुडिओची गार हवा बाहेर यायची. मावशी पत्र्याच्या खोलीत राहायच्या. अख्ख्या दिवसात तेवढा एक तास त्यांना पाठीला गार लागायचं. मी आत शाल घट्ट ओढत बसायचे आणि तिथली निसटलेली हवा मावशींच्या कमरेला. उन्हाळ्याच्या सुखाबद्दल एवढा पत्रव्यवहार चालला होता, पण दरवाजाच्या फटीवर कुणी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी दुसऱ्या दिवशीची पत्रं आदल्या दिवशी मावशींना वाचून दाखवायला लागले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्यासारखी संपादक मला पुढे मिळाली नाही. कुरडयांचं एक छान पत्र होतं. गहू तीन दिवस भिजत घाला, चौथ्या दिवशी वाटून चीक काढा, रात्रभर ठेवून वरचं पाणी अलगद ओता, चिकाइतकंच पाणी उकळून त्यात मीठ-हिंग घालून चीक वैरा. मावशींनी ऐकलं आणि नाक मुरडलं. "रोजच्या रोज पाणी बदलायचं कुठं लिहिलंय? आंबूस वास मारतील. आणि चीक शिजताना हात थांबला की गाठी झाल्या म्हणून समज, तेही सांग." सांगितलं. बिबड्यांच्या पत्रावर त्यांनी आणखी एक भर घातली. ज्वारीचा घाटा शिजून खाली उतरला की पहिला वाडगा पोरांना द्यायचा, वर कच्चं तेल सोडून. "नाहीतर पोरं राखण करत नाहीत." ही ओळ मी त्यांच्याच शब्दांत वाचली. बिबडे थापणाऱ्या प्रत्येकीला ती पटली असणार, कारण त्या आठवड्यात पत्रांचा ढीग दुप्पट झाला.

झाडांची पत्रं मुख्यतः शहरांतली, भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समधली तर फारच. एका बाईंनी मोगऱ्याबद्दल लिहिलं होतं. जानेवारी संपता संपता त्या मोगऱ्याची पानं ओरबाडायच्या, फांद्या छाटायच्या आणि पाणी तोडायच्या. शेजारणी म्हणायच्या, बाईनं झाड मारलं. पंधरा-वीस दिवसांचा ताण झाला की बुंध्याशी माती हलवून शेणखत, मग पाणी. पाडव्याच्या आसपास कळ्या धरतात आणि वैशाखात रोज ओंजळभर फुलं. 'चार फुलं माठात टाकते, बाकीची साहेबांच्या उशाशी, म्हणजे ड्युटीवरून आल्यावर चिडत नाहीत,' असा शेवट होता. साहेब बहुधा गार्ड असावेत. हे पत्र मी दोनदा वाचलं, मागणीवरून.

त्याला जोडून आणखी कुणाचं तरी वाचलं की कुंड्यांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच. त्यावर पारोळ्याकडच्या एका खेड्यातून कार्ड आलं. अक्षर शाळकरी पोराचं, बोलणं आईचं. 'ताई, तुम्ही कुंडीला दोन वेळा पाणी सांगता. आमच्याकडे विहिरीत उतरून वाटीनं घागर भरावी लागते. तुमचा मोगरा माझ्या म्हशीपेक्षा जास्त पाणी पितो का?' पुढे लिहिलं होतं: 'तक्रार नको म्हणालात म्हणून चांगलंही सांगते. मी भांडी ज्या जागी घासते तिथं गिलक्याचं बी टोचलं आहे. वेल दारावर चढवला. खरकट्या पाण्यावर वाढतो. दुपारी उंबऱ्यावर सावली पडते, तिथं बसून मी तीळ पाखडते. भाजी निघते ती वेगळीच.'

हे पत्र वाचायचं की नाही, यावर आमच्या खोलीत थोडी चर्चा झाली. पहिला अर्धा भाग गाळावा, असं एकाचं मत होतं. मी तेव्हा कुणाशी वाद घालण्याच्या स्थितीत नव्हते, पापडानं माझी पत गेली होती. अधिकाऱ्यांनीच सांगितलं, सगळं वाच, मध्ये काही बोलू नकोस. तसंच वाचलं.

माझ्या मते आमच्या कार्यक्रमाचा उन्हाळा त्या दिवशी सुरू झाला. आधीची पत्रं खोटी होती असं नाही, पण सगळी पाण्यावर उभी होती: माठ, पन्हं, मोगरा, सडा, वाळ्याचे पडदे. पाणी आहे असं गृहीत धरून लिहिलेली. त्यानंतर बायका न विचारता कमी पाण्यातलं सुख लिहायला लागल्या. गळक्या मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून ते लिंबाच्या आळ्यात पुरायचं; एक मडकं भरलं की झाडाला ओल टिकते. रावेर-यावलकडून केळीचं आलं. घड काढून झाला की खुंटाचे फोडून तुकडे करायचे आणि झाडाच्या बुंध्याभोवती गोल मांडायचे, खालची माती सुकत नाही. पत्र्याच्या घरावर पऱ्हाट्या अंथरायच्या, पण चुलीच्या धुराड्यापासून लांब, नाहीतर सुखाच्या नादात घर जायचं. धाब्याच्या घरांतल्या बायकांनी मात्र काही लिहिलं नाही. जाड मातीच्या धाब्याखाली दुपारी झोप लागते, ही त्यांना सांगण्यासारखी गोष्टच वाटत नसावी.

गाण्याचं सगळ्यात कमी येत होतं. 'अमुक गाणं लावा' यापलीकडे कुणी जात नव्हतं. म्हणून आखाजीला गावात जाऊन झोक्यावरची गाणी ध्वनिमुद्रित करून आणायची ठरलं. अक्षय्य तृतीया म्हणजे खानदेशची आखाजी. सासरच्या लेकी माहेरी येतात, घागर पुजतात, पितरांना नैवेद्य दाखवतात, खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आमरस होतो, पुरुष सुटीच्या नावाखाली पत्ते कुटतात आणि निंबाच्या झाडाला झोके पडतात. त्या वर्षी अधिक वैशाख आला होता, त्यामुळे सण मेच्या मध्यावर गेला होता आणि ऊन अगदी माथ्यावर.

कार्यालयाच्या जीपमधून गेलो. झोके होते, बायका होत्या, आवाजही लांबून ऐकू येत होता. आम्ही मायक्रोफोन पुढे केला आणि सगळ्या गप्प. मग एकीनं पदर सावरून सिनेमातलं भजन म्हटलं. दुसरीनं शाळेतली प्रार्थना. आमचे इंजिनिअर शहाणे होते. त्यांनी "झालं, झालं, छान झालं" म्हणत वायर गुंडाळल्यासारखं केलं, मायक्रोफोन निंबाच्या फांदीत पानांआड अडकवला आणि आम्हाला चहा प्यायला घेऊन गेले. अर्ध्या तासानं परत आलो तर टेपवर सगळं होतं. अहिराणी गाणी, मध्येच खिदळणं, सासूबद्दलचं एक वाक्य जे कापावं लागलं, आणि या सगळ्याखाली फांदीवर घासणाऱ्या दोराची कुरकुर. एका लयीत. इंजिनिअर म्हणाले, "ही कुरकुर काढू नका. हाच ठेका आहे."

टेप २२ मेला दुपारी लावायची ठरली. गावाला कार्ड टाकून कळवलं.

२१ मेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली.

सात दिवसांचा दुखवटा. अशा वेळी आकाशवाणीवर काय लागायचं ते त्या काळातल्या सगळ्यांना आठवत असेल. हलकंफुलकं सगळं बंद, बातम्या आणि संथ वाद्यसंगीत. सारंगी. १९८४मध्ये इंदिरा गांधी गेल्या तेव्हाही तीच होती. त्यामुळे लोकांच्या मनात हिशेब पक्का झाला होता: रेडिओवर सारंगी लागली म्हणजे कुणीतरी मोठं गेलं. सात दिवस पत्रं तशीच पडून राहिली. मी ड्युटीवर असले तर टेप लावायची, वेळ सांगायची आणि गप्प बसायचं. शाल पांघरून मी त्या आठवड्यात जेवढी सारंगी ऐकली तेवढी आयुष्यात ऐकली नव्हती. खरं सांगायचं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर मला ती आवडायला लागली होती, आणि त्याची लाजही वाटत होती.

झोक्याची टेप आम्ही मृग लागल्यावर लावली. तोवर लेकी सासरी गेल्या होत्या.

मग त्याच गावातून पत्र आलं. 'तुमचं कार्ड आलं म्हणून त्या दिवशी आम्ही अकरा-बारा जणी पाटलांच्या ओसरीवर रेडिओपाशी बसलो होतो. आमचा आवाज लागला नाही. देशावर दुःख आलं, त्याला इलाज नाही. दुसरंच वाद्य लागलं. आम्ही आलोच होतो तर बसलो. ताई, ते वाद्य माणूस मेल्यावर लावतात हे आम्हाला माहीत आहे. पण फार चांगलं होतं. एकदा कुणी मेलेलं नसताना लावा.'

हे पत्र मी कुठेच वाचलं नाही. पिशवीत ठेवलं. पण डोक्यातून जाईना.

पुढच्या उन्हाळ्यात, १९९२ला, मी अधिकाऱ्यांपुढे ते ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. सारंगी हे दुखवट्याचं वाद्य नव्हेच, म्हणाले. ती पिढ्यान्‌पिढ्या गाण्याला साथ करत आली, आणि पंडित रामनारायण यांनी तिला एकटीनं मैफल करायला शिकवलं. दुखवटा तिला आम्ही रेडिओवाल्यांनी चिकटवला. "लावू या. दुपारचं लाव, वृंदावनी सारंग." दुपारचाच राग तो. गंधार आणि धैवत अजिबात नाहीत, निषाद मात्र दोन, चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल. मला शास्त्र फारसं कळत नाही, पण गाळलेल्या त्या दोन स्वरांमुळे रागात मोकळी जागा राहते आणि भर दुपारी रिकाम्या रस्त्याकडे बघताना ती कळते, असं माझं मत. लायब्ररीत शोधून एक टेप मिळाली.

माठ, कैरीची डाळ, एक आमसुलाच्या साराचं पत्र, असं सगळं वाचून झाल्यावर मी सांगितलं, आता ऐका सारंगीवर राग वृंदावनी सारंग. फेडर वर घेतला.

दोन मिनिटांत काचेपलीकडे धावपळ दिसली. ड्युटी रूममधला फोन वाजत होता. ड्युटी ऑफिसर बोलत होते, रिसीव्हर ठेवत होते, लगेच पुन्हा उचलत होते. त्यांनी दार किलकिलं करून आत डोकं घातलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लोक विचारताहेत, कोण गेलं?" बाजारातल्या एका दुकानदारानं अर्धं शटर ओढून मग फोन केला होता. एका शाळेतून शिपाई विचारायला आला होता की सुटी द्यायची का. उन्हाळ्याची सुटी लागायला दोनच दिवस राहिले होते, पण आशा.

टेप थांबवायची तर ऐकणाऱ्यांची खात्रीच पटली असती. मी फेडर अर्ध्यावर आणला, लाल दिव्याकडे पाहिलं आणि क्यू शीटवर नसलेलं वाक्य बोलले: "श्रोतेहो, सगळं ठीक आहे. कुणीही गेलेलं नाही. ही नुसती सारंगी आहे. ऐका." आणि फेडर परत वर.

ड्युटी ऑफिसरांनी रिपोर्टमध्ये ते वाक्य लिहिलं, तो त्यांचा नियम. अधिकाऱ्यांनी त्यावर सही केली आणि शेरा मारला नाही. बाहेर आले तर मावशी दरवाजाशी बसलेल्या. त्या दिवशी त्यांनी फटीला कान लावला होता. "हे बारीक ऐकू येतं," म्हणाल्या.

सारंगीच्या गावातून पत्र आलं नाही. त्यांनी ऐकली की नाही, मला कळलं नाही. दुपारच्या वेळी वीज जायची, रेडिओचे सेल संपलेले असायचे, लेकी माहेरी असतील-नसतील.

केंद्रावरची माझी शेवटची ड्युटी १९९८ सालची. पुढे शिक्षिका झाले, आता त्यातूनही निवृत्त आहे. मावशी राहिल्या नाहीत. पत्रांपैकी शंभरेक माझ्याजवळ आहेत, पुठ्ठ्यावर चिकटवलेली, त्यांतली खळ झुरळांनी बरीच खाल्ली. लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली पापड लाटायला शिकले आणि दर उन्हाळ्यात दोन किलोचे करते. पीठ कुटायला अजून दोन माणसं लागतात. मी खलबत्त्याशी आणि नवरा तेलाच्या वाटीशी, अशी आमची वाटणी. माठाखाली मेथी असते. गच्चीवर दोराची कुरकुर नाही, पण पाळणा आहे, लोखंडी, त्याला तेल घालायचं मी मुद्दाम टाळते.

चैत्र लागला की अजूनही एखादा फोन येतो. जुनी ओळख सांगतात, रेडिओवरच्या बाई ना तुम्ही, आणि हसत हसत माप विचारतात. तुम्हीही यंदा करणार असाल तर लिहून घ्या. उडदाच्या डाळीचं पीठ एक किलो, मीठ पाच तोळे, म्हणजे साठ ग्रॅमला थोडं कमी. पापडखार तीन तोळे. पस्तीस ग्रॅम. पुन्हा सांगते: तीन.